एका पत्त्यावर दोन नाके

बिस्किटांच्या त्या कारखान्यात त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. भट्टीवाल्यांपासून वजनकाट्यावरच्या माणसापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तो नाकेदार. रस्त्यावर गाड्या अडवणारा नव्हे, कॉम्प्युटरच्या जाळ्याची देखभाल करणारा. पण नाव उगाच पडलेलं नव्हतं, आणि वरवर कुरकुरला तरी त्याला ते मनातून फार आवडायचं.

त्याचं असं होतं. कारखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या केबली तळमजल्यावरच्या, स्विच नावाच्या एका मोठ्या खोक्यात खोचलेल्या होत्या. पण सगळ्यांना सगळ्यांचं दिसू नये म्हणून त्या एकाच स्विचच्या पोटात वेगवेगळ्या गल्ल्या पाडल्या होत्या. धंद्यातली माणसं त्यांना व्हीलॅन म्हणतात, नाकेदार सरळ गल्ल्या म्हणायचा. गोदामाची गल्ली वेगळी, पॅकिंगची वेगळी, हिशेबवाल्यांची वेगळी. गल्लीतल्या गल्लीत बोलायला कोणाला विचारावं लागत नसे. पण गोदामाला हिशेबवाल्यांशी बोलायचं असेल, तर ते बोलणं एका जाड केबलमधून पहिल्या मजल्यावर चढायचं, नाकेदाराच्या खोलीतल्या मांडणीवर ठेवलेल्या काळ्या राउटरमधून जायचं आणि त्याच केबलमधून पुन्हा खाली हिशेबाच्या गल्लीत उतरायचं. दुसरी वाटच नव्हती. तो काळा डबा म्हणजे प्रत्येक गल्लीच्या तोंडावरचा नाका, आणि डब्याचा पासवर्ड एकट्या नाकेदाराकडे.

दुपारी गाड्या भरायची वेळ झाली की गोदामप्रमुखाचा फोन यायचा. "नाका मोकळा आहे ना?"

"बघतो, धरा," असं म्हणून नाकेदार फोन टेबलावर ठेवायचा. बघण्यासारखं काही नसायचं. तो चहाचा एक घोट घ्यायचा, डब्यावरचे हिरवे दिवे लुकलुकताना पाहायचा आणि मग फोन उचलून म्हणायचा, "सोडा." यात कोणाचं नुकसान होत नव्हतं आणि त्याचा दिवस बरा जायचा.

घरीसुद्धा त्याचा असाच मान होता. सासरी तो थोरला जावई, आणि बरीच वर्षं एकुलता एक. सासऱ्यांना नवा पंखा घ्यायचा असला तरी आधी त्याला फोन. "जावईबापू, जरा सल्ला हवा होता." सासूबाईंचा निरोप लेकीला जायचा तोही बहुतेक वेळा त्याच्या कानावरून. मग मेहुणीचं लग्न झालं आणि त्याच्या आयुष्यात साडू आला.

साडूमध्ये खोड काढायला जागा नव्हती, आणि हीच त्याची सगळ्यात मोठी खोड होती. बोलायला मऊ, वागायला नम्र, कामात चोख. त्यात धंदाही नेमका तोच, जाळ्यांचा. नाकेदाराने एकाच कारखान्यात केस पांढरे केले, तर याने धडाधड चार नोकऱ्या बदलून आता स्वतःची छोटी कंपनी काढली होती. सासऱ्यांना आता कोणता मोबाइल घ्यावा हे विचारायचं असलं की ते धाकट्याला विचारत आणि थोरल्याला नुसतं कळवत. "आपले जावईबापू म्हणाले हाच घ्या," असं सासरे एकदा उत्साहाने म्हणाले, आणि हे जावईबापू म्हणजे आपण नव्हे हे कळायला नाकेदाराला क्षणभर लागलं. त्या रात्री तो जेवला नाही. पोट बिघडलंय म्हणाला.

"पोट नाही बिघडलं, पोटात दुखतंय," बायको ताट उचलता उचलता म्हणाली.

तेव्हा पुढे जे झालं ते कोणत्याही मत्सरी माणसाच्या वाट्याला येऊ नये. कारखान्यात जागोजागी कॅमेरे बसले, त्यांची चित्रं एका गल्लीतून दुसरीत धावू लागली, आणि ते सगळं ओझं त्या एका केबलमधून वर आणि खाली. दुपारी गाड्या भरायच्या वेळी पॅकिंगची चिठ्ठी छापून यायला इतका उशीर व्हायचा की माणसं खोकी हातात धरून उभी राहायची. मॅनेजरबाईंनी नाकेदाराला बोलावून सांगितलं, "तुमचा डबा धापा टाकतोय. आपण नवा स्विच घेतलाय. गल्ल्यांमधली ने-आण तो खालच्या खाली स्वतःच करतो म्हणे, वर जायची गरजच नाही."

हे नाकेदाराला माहीत नव्हतं असं नाही. असा स्विच मिळतो, त्यात प्रत्येक गल्लीचा नाका स्विचच्या आतच मांडता येतो, आणि मग सगळं विजेसारखं चालतं, हे तो बरीच वर्षं जाणून होता. फक्त त्याने ते कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगून आपल्याच नाक्यावर नांगर कोण फिरवणार?

"बसवायला कोण येणार?" त्याने विचारलं.

बाईंनी कंपनीचं नाव सांगितलं. साडूची कंपनी. त्याच्या कंपनीचं हे पहिलंच मोठं काम होतं.

काम होईपर्यंत साडू उतरला तोही नाकेदाराच्याच घरी. बहिणीचा नवरा गावात येऊन लॉजवर राहतो म्हणजे काय, असं बायकोने ठणकावलं. पुढच्या खोलीत त्याचं अंथरूण पडलं. सकाळी नाकेदार उठून पाहतो तो अंथरुणाची घडी झालेली, चादरीचे कोपरे जुळवलेले, आणि स्वयंपाकघरातला गळका नळ गप्प. तो नळ दुरुस्त करायचं नाकेदार बरेच महिने मनावर घेत होता.

"वॉशर झिजला होता फक्त," साडू हात पुसत म्हणाला. "पहाटे जाग आली, म्हटलं करून टाकू."

"मी आजच करणार होतो," नाकेदार म्हणाला.

"तर," बायको म्हणाली. त्या एका शब्दात काय काय होतं ते नवरा-बायकोलाच कळलं. त्यात लेक गणिताची वही घेऊन आली आणि बापाला वळसा घालून काकांच्या शेजारी बसली. गरम गरम ताट आधी पाहुण्याला वाढलं गेलं. पाहुण्याला आधी वाढतात, त्यात काही नवल नाही, पण नाकेदाराच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंड धुवायला नळाशी गेला, तर नळ बंद केल्यावर मागे एक थेंब पडेना. त्याचाही त्याला राग आला.

रविवारी कारखाना बंद असताना काम करायचं ठरलं. साडूची योजना साधी होती. नव्या स्विचमधल्या नाक्यांना त्याने जुन्या डब्याचेच पत्ते दिले, म्हणजे कोणाच्याही कॉम्प्युटरला हात लावायला नको. अट एकच. नवे नाके उघडायच्या आधी जुना डबा केबल काढून बाजूला ठेवला पाहिजे. एकाच पत्त्यावर दोन घरं झाली तर पोस्टमनने पत्र टाकायचं कुठे?

साडू तळमजल्यावर स्विचच्या खोलीत बसला होता, नाकेदार वर आपल्या खोलीत. फोन वाजला.

"दादा, डबा उतरवला ना? मी इकडून सुरू करतो."

नाकेदाराचा हात केबलवर होता. नुसती खटका दाबून ओढायची होती. डबा नेहमीसारखा कोमट होता, दिवे लुकलुकत होते. त्याला वाटलं, ही केबल ओढली की उद्यापासून गोदामप्रमुख फोन करणार नाही. "सोडा" म्हणायला कोणी विचारणार नाही. आपण या खोलीत बसायचं ते कशासाठी? आणि हे सगळं करणारा कोण, तर ज्याने आपला नळही सोडला नाही तो.

"उतरवला," तो म्हणाला, आणि हात काढून घेतला.

सोमवारी सकाळी तासभर सगळं झकास चाललं. मग पॅकिंगच्या चिठ्ठ्या थांबल्या. त्या सुरू होतात तोवर वजनकाटा मुका झाला. वजनकाटा बोलू लागला तर गोदाम बंद. हिशेबवाल्यांच्या एका टेबलावर सगळं दिसायचं, शेजारच्या टेबलावर काही नाही, आणि जेवणाच्या सुटीनंतर त्याच्या नेमकं उलट. कारण उघड होतं, निदान वरच्या मजल्यावर. एखादा कॉम्प्युटर "माझ्या गल्लीचा नाका कुठे?" असं विचारायचा, आणि दोन ठिकाणांहून "मी इथे" असं उत्तर यायचं. ज्याचं नंतर पोचेल त्याच्याकडे तो जायचा. त्यात जुना डबा कडक शिस्तीचा, नाकेदारानेच त्याला तसा वळवलेला. जाताना जो आपल्यासमोरून गेला नाही, त्याला तो परतताना आत सोडायचा नाही. बोलणं नव्या नाक्यातून गेलं आणि उत्तर जुन्या नाक्यावर आलं, की तिथेच अडकलं.

फोन मात्र पुन्हा वाजू लागले. "अहो नाकेदार, काय हे नवीन लचांड? तुमचा डबा काय वाईट होता?" गोदामप्रमुख वैतागून म्हणाला. पॅकिंगवाली बाई म्हणाली, "हळू का होईना, चालत तरी होतं." नाकेदार प्रत्येकाला म्हणायचा, "नवीन माणूस आहे, शिकेल हळूहळू." असं म्हणताना त्याचा आवाज इतका दयाळू व्हायचा की त्याचा त्यालाच अचंबा वाटायचा.

खरं सांगायचं तर इतकं सुख त्याला बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं. घरी साडू पडल्या चेहऱ्याने जेवायचा आणि नाकेदार दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा.

"तुम्हाला आनंद झालाय," बायको हळूच म्हणाली.

"मला कशाला आनंद होईल? माझ्याच कारखान्याचं नुकसान चाललंय."

"तेच म्हणते मी. नुकसान चाललंय आणि तुम्ही गुणगुणताय." मग ती गंभीर झाली. "बहिणीचा फोन होता. हे काम गेलं तर पुढचं मिळणं अवघड आहे म्हणाली. तुम्ही का नाही बघत जरा? तुम्हाला तिथली खडान्‌खडा माहिती."

"त्यांना कोणाची मदत लागत नाही," तो म्हणाला. "विचार तुझ्या वडिलांना."

मदत मागायला साडू वर आला नव्हता हे खरं होतं. नाकेदारच काही ना काही निमित्त काढून खाली डोकवायचा. तो दारात दिसला की साडू लॅपटॉपचा पडदा भिंतीकडे वळवायचा आणि उठून उभा राहायचा. "या दादा." नाकेदार मनात म्हणायचा, बघा, विद्या चोरीला जाईल म्हणून झाकून ठेवतोय. वरून एवढा गोड आणि आतून असा. त्याच्यात एकदाचं काहीतरी वाईट सापडलं म्हणून त्याला फार बरं वाटलं.

बुधवारी मॅनेजरबाईंनी निर्वाणीचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मोठी खेप जायची होती. सकाळपर्यंत जाळं नीट झालं नाही तर नवा स्विच परत पाठवायचा, जुना डबा पुन्हा जोडायचा आणि या कंपनीला पुन्हा दारात उभं करायचं नाही. ते ऐकून नाकेदार आपल्या खोलीत गेला आणि डब्यावरची धूळ फडक्याने पुसली. एक रात्र काढली की झालं. नाका त्याचा राहणार होता.

दुपारी बाईंनी साडूला वर बोलावलं. तो गेलेला पाहून नाकेदार तळमजल्यावर उतरला. स्विचची खोली उघडी होती, लॅपटॉप टेबलावर, पडदा भिंतीकडे. एवढं काय झाकतोय ते तरी पाहू, म्हणून त्याने तो आपल्याकडे फिरवला.

पडद्यावर एक ओळ होती. तिच्या वर तीच ओळ, आणि तिच्याही वर तीच. तो पाहत असताना खालून आणखी एक उगवली. नवा स्विच न थकता एकच तक्रार करत होता की माझा हा पत्ता आणखी कोणीतरी वापरतंय. आणि ते कोण, तेही प्रत्येक ओळीत लिहिलं होतं. जुन्या डब्याच्या बुडाशी चिकटवलेला, डबा तयार होतानाच त्याला मिळालेला लांबलचक क्रमांक. नाकेदाराला तो तोंडपाठ होता.

ही ओळ वाचायला इंजिनिअर असावं लागत नाही. सोमवारपासून जो माणूस या पडद्यासमोर बसलाय, त्याला पहिल्या तासातच सगळं कळलं असणार. शिवाय डब्याची जाड केबल याच स्विचमध्ये तर येते. तिचं तोंड इथल्या इथे बंद करायला एका ओळीचा हुकूम पुरे. तरीही साडूने तो दिला नव्हता. शिव्या खाल्ल्या, जेवण गोड लागलं नाही, आणि कोणी आलं की पडदा भिंतीकडे वळवला. विद्या नव्हता झाकत तो. नाकेदाराला झाकत होता.

दुसरा कोणी असता तर शरमला असता. नाकेदारही शरमला, नाही असं नाही, पण शरमेच्या आधी आला तो संताप. म्हणजे इथेही हाच मोठा. नळ याने दुरुस्त करायचा, लेकीचं गणित याने सोडवायचं, सासऱ्यांचा मोबाइल याने निवडायचा, आणि आता आपला नीचपणासुद्धा याने पोटात घालायचा. आज ना उद्या ही गोष्ट मेहुणीला कळेल, मेहुणीकडून बायकोला. बायको काही बोलणार नाही. नुसती बघेल. आणि मग जन्मभर प्रत्येक ताटासमोर बसताना आपण तो, ज्याला धाकट्याने मोठ्या मनाने सांभाळून घेतलं. छे. सगळं गेलं तरी चालेल, पण हे नको.

तो तरातरा जिना चढला. मॅनेजरबाईंच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत साडू मान खाली घालून उभा होता.

"माझंच कुठेतरी चुकलंय, मॅडम," तो म्हणत होता. "सकाळपर्यंत मला द्या."

"चूक यांची नाही," नाकेदार दारातूनच म्हणाला. "जुना डबा मी उतरवलाच नाही. उतरवला म्हणून खोटं सांगितलं. तो अजून चालू आहे."

साडूने झटकन वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव असायला हवा होता, तो नव्हता. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"का?" त्यांनी विचारलं.

"जळत होतो यांच्यावर," नाकेदार म्हणाला. "माझे साडू आहेत."

बाईंनी एकदा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. बहुधा त्यांनाही कुठेतरी बहिणी आणि जावा असाव्यात, कारण त्यांनी आणखी काही विचारलं नाही. त्यांनी फक्त निकाल दिला. डबा आत्ताच्या आत्ता उतरवायचा. नव्या स्विचचा पासवर्ड साडूच्या कंपनीकडे राहील. इथून पुढे नाकेदाराला एखादी नवी गल्ली पाडायची झाली, एखादा पत्ता बदलायचा झाला, तर त्याने साडूला फोन करून विचारायचं. आणि त्याच्या वागण्याबद्दल काय करायचं ते मालकांशी बोलून ठरेल.

"चालेल," नाकेदार म्हणाला. चालण्यासारखं त्यात काहीही नव्हतं.

आपल्या खोलीत येऊन त्याने केबलचा खटका दाबला आणि ओढली. केबलपाशी लुकलुकणारा दिवा विझला. मग त्याने डब्याची वीजही काढली. थोड्या वेळाने खालून पॅकिंगच्या यंत्रांचा आवाज यायला लागला, आधी अडखळत, मग सलग. फोन वाजला नाही. सगळं नीट चाललं होतं, कोणाला काही विचारायचं नव्हतं. नाकेदार खुर्चीत बसून राहिला. सवयीने हात कपाकडे गेला, पण चहाही नव्हता.

साडू आत आला. दार लावून घेतलं आणि उभाच राहिला.

"दादा, मी इथे कोणाला सांगणार नव्हतो."

"ठाऊक आहे."

"तुम्ही आपणहून उतरवाल म्हणून वाट बघत होतो. नाहीतर उद्या सकाळी मीच खालून तुमची केबल बंद करणार होतो. मॅडमना म्हणणार होतो, माझीच एक ओळ लिहायची राहिली होती. तुमचं नाव कुठे येणारच नव्हतं."

"ठाऊक आहे," नाकेदार म्हणाला. "म्हणून तर सांगितलं."

हळूहळू साडूचा मऊ चेहरा लाल झाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

"सोमवारपासून लोकांच्या शिव्या खातोय मी. गोदामवाला तर तोंडावर गाढव म्हणाला. तेवढं एक पुण्य तरी माझ्या पदरात राहू द्यायचं होतं, दादा. घरी गेल्यावर हिला सांगायला एवढी एकच गोष्ट होती."

"मला सांभाळून घेतल्याची?"

"हो. मग?" साडू चिडून म्हणाला. "तुमच्या नावाचं किती ऐकावं लागतं मला माहीत आहे? भाऊजी असं करतात, भाऊजींना विचारा, ताईकडे बघा कसं सगळं भाऊजींच्या सल्ल्याने चालतं. आता गेल्यावर काय सांगू? की भाऊजींनी सगळ्यांसमोर स्वतःहून कबूल केलं? झालं, आता वर्षभर तेच."

विझलेला डबा नाकेदाराने मांडणीवरून उतरवला आणि कपाटात ठेवला. हातात येईपर्यंत डबा गार झाला होता.

घरी बायकोला त्याने काही लपवलं नाही. ऐकताना तिचा हात कपाळावर गेला, मग तिने उठून पानं घेतली. समोर साडू तोंड फुगवून बसला होता, चादरीची घडी न करता. त्या संध्याकाळी नाकेदाराला जेवण फार गोड लागलं.